जास्तीत जास्त वेळ किती: स्कोपवरचा आकडा आणि खरी वरची मर्यादा

मकरपुरा_लूप, सोमवार सकाळी १०:१२

मंडळी, पंपाच्या मोटर ड्राइव्हचं फर्मवेअर (चिपमध्ये बसवलेला प्रोग्राम) आहे. ग्राहकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये एक ओळ आहे: करंट लूपला (मोटरचा विद्युतप्रवाह सांभाळणाऱ्या कोडला) जास्तीत जास्त किती वेळ लागतो ते लेखी द्या, आणि तो आकडा कशावरून काढला तेही द्या.

चिप एसटीएम३२ एफ४०७, घड्याळ १६८ मेगाहर्ट्झ, कोड फ्लॅशमधून चालतो. कामं तीन. करंट लूप दर १०० मायक्रोसेकंदांनी टायमर इंटरप्टवर (चालू काम मध्येच थांबवणाऱ्या हाकेवर), स्पीड लूप दर १ मिलिसेकंदाला, मॉडबस (उपकरणांमधल्या संदेशांचा प्रोटोकॉल) आणि डिस्प्ले मिळून दर १० मिलिसेकंदांना. करंट लूपच्या सुरुवातीला एक पिन वर, शेवटी खाली, आणि ऑसिलोस्कोप पर्सिस्टन्सवर (जुन्या पल्सही पडद्यावर राहतात) टाकून रात्रभर. सगळ्यात रुंद पल्स ३१ मायक्रोसेकंदांची दिसते.

यावर २० टक्के चढवून ३७ लिहिले तर चालेल का? नसेल तर योग्य रीत कोणती? विकतचं टूल घेण्याइतकं बजेट या कामाला नाही.

दांडियाबाजार, सोमवार सकाळी १०:५५

पिन आणि स्कोप ही पद्धत चांगलीच आहे, पण तीन गोष्टी सुधारा. नाहीतर ३१ हा आकडासुद्धा पूर्ण नाही.

पहिली: पिन वर जाते ती तुमच्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत. त्याआधी इंटरप्टमध्ये शिरायला कॉर्टेक्स एम४ किमान १२ सायकली (घड्याळाचे ठोके) घेतो, तेही मेमरीला वेटस्टेट (वाट पाहण्यात जाणारी सायकल) नसेल तर. त्यावर फंक्शनच्या तोंडाशी कंपायलरने स्टॅकवर ढकललेली रजिस्टरं. बाहेर पडताना पुन्हा तसंच. पल्समध्ये यातलं काही दिसत नाही.

दुसरी: स्कोपऐवजी चिपमधला सायकल काउंटर वापरा. डीईएमसीआर रजिस्टरची २४वी बिट लावून ट्रेस चालू करायचा, मग डीडब्ल्यूटीच्या (हा काउंटर असलेल्या युनिटच्या) कंट्रोल रजिस्टरची शून्य क्रमांकाची बिट. काउंटर ३२ बिटांचा, म्हणजे १६८ मेगाहर्ट्झला साधारण साडेपंचवीस सेकंदांनी गुंडाळतो. वजाबाकी अनसाइन्ड ठेवली की गुंडाळण्याचा त्रास होत नाही. दोन वाचनं लागोपाठ घेऊन मोजणीचाच खर्च किती ते काढा आणि तो प्रत्येक नोंदीतून वजा करा. सरासरी साठवू नका, कमाल साठवा. आणि कमाल मोडली की त्याच क्षणीचे इनपुट बाजूला कॉपी करा. नुसता आकडा हाती असेल आणि तो कशामुळे आला ते माहीत नसेल, तर पुढे काहीच करता येत नाही.

तिसरी: मोजणीच्या मध्ये वरच्या प्राधान्याचा इंटरप्ट शिरला तर तो वेळही आत धरला जातो. किती वेळा शिरला ते मोजत राहा.

एवढं केल्यावर २० टक्के मार्जिन पुरतं, असं माझं मत.

सायकल_मोजणी, सोमवार दुपारी १:२०

दांडियाबाजार यांच्या तिन्ही सुधारणा बरोबर आहेत, शेवटचं वाक्य मला मान्य नाही. वीसच टक्के का? पंधरा का नाहीत, साठ का नाहीत? त्या आकड्यामागे प्रोग्रामबद्दलची काहीच माहिती नाही.

वडोदऱ्यात रावपुऱ्यातून स्टेशनला जायला किती वेळ लागतो हे वर्षभर रोज मोजलं, आणि नेमक्या नवरात्राच्या नऊ रात्री सोडल्या. आता नोंदी कितीही असोत, त्यांवर वीस टक्के चढवून गरब्याच्या रात्रीचा वेळ निघणार नाही, कारण त्या रात्री रस्ताच वेगळा असतो. फर्मवेअरमध्ये नवरात्राची रात्र म्हणजे फॉल्ट. ओव्हरकरंट, सेन्सरची तार तुटणं, इंटिग्रेटर (चुकांची बेरीज ठेवणारा भाग) सॅच्युरेट होणं आणि त्याची नोंद लिहिणं, हे सगळं एकाच १०० मायक्रोसेकंदांत येतं तेव्हा सगळ्यात लांब वाट चालते. रात्रभरात एकही फॉल्ट आला नसेल तर ती वाट स्कोपला दिसलेलीच नाही.

म्हणून दोन आकडे कायम वेगळे ठेवा. मोजलेली कमाल ही खऱ्या कमाल वेळेच्या खाली असते, फार तर तिच्या बरोबरीची. कोडच्या रचनेवरून काढलेली मर्यादा खऱ्या वेळेच्या वर असते. खरा आकडा या दोघांच्या मध्ये. ग्राहकाला मर्यादा द्यायची, आणि मोजलेली कमाल शेजारी लिहायची, म्हणजे मध्ये फट किती आहे ते त्यालाही दिसतं.

मर्यादा काढायची रीत हाताने करण्यासारखी आहे, करंट लूपएवढ्या कोडला तरी. काम बायनरीवर करायचं, सीच्या ओळींवर नाही. ऑब्जडंप या टूलने असेंब्ली (चिपच्या सूचनांची यादी) काढा. ऑप्टिमायझेशन बदललं, कंपायलरची आवृत्ती बदलली की असेंब्ली बदलते आणि आधीचा हिशोब रद्द होतो, त्यामुळे आवृत्ती आणि फ्लॅग कागदावर लिहून ठेवा. मग असेंब्लीचे ब्लॉक पाडा: एका बाजूने शिरायचं, दुसऱ्या बाजूने बाहेर, मध्ये उडी नाही. प्रत्येक ब्लॉकच्या सायकली आर्मच्या तक्त्यावरून बेरजेने काढा, आणि जिथे तक्ता ‘इतक्या ते इतक्या’ म्हणतो तिथे मोठा आकडा घ्या. पूर्णांक भागाकाराला २ ते १२ सायकली, तर १२. घेतलेल्या उडीला १ अधिक पाइपलाइन भरायला १ ते ३, तर ४. फ्लोटच्या भागाकाराला आणि वर्गमुळाला प्रत्येकी १४.

यानंतर उरतं ते खरं काम: कुठला ब्लॉक जास्तीत जास्त किती वेळा चालतो. इथेच बहुतेकांचा हिशोब फसतो. लूपबद्दल वेगळं लिहितो.

कलाभवन_मागे, सोमवार दुपारी ३:०५

सायकल_मोजणी लिहीपर्यंत पाया सांगतो. कुठलाही प्रोग्राम घेऊन तो थांबेल की नाही हे सांगणारी एकच सार्वत्रिक रीत असू शकत नाही, हे ट्युरिंगने १९३६ मध्येच सिद्ध केलं. थांबेल की नाही हेच जिथे सांगता येत नाही, तिथे किती वेळात थांबेल हेही सर्वसाधारणपणे सांगता येणार नाही. म्हणून या विषयात सुरुवातीलाच प्रोग्रामला बंधनं घालतात: प्रत्येक लूपला ठरलेली वरची मर्यादा, रिकर्शन नाही किंवा खोली ठरलेली, फंक्शन पॉइंटर कुठे कुठे जाऊ शकतो याची पूर्ण यादी. ही बंधनं पाळली की प्रश्न सुटण्याजोगा होतो.

वाट शोधण्याचं गणित १९९५ च्या सुमारास ली आणि मलिक यांनी फार नेटकं मांडलं. सगळ्या वाटा एकेक करून चालायच्या नाहीत. प्रत्येक ब्लॉक किती वेळा चालला ही अज्ञात संख्या मानायची. ब्लॉकमध्ये जितक्या वेळा शिरलो तितक्याच वेळा बाहेर पडलो, हे समीकरण. लूपची मर्यादा ही असमानता. आणि सायकली गुणिले वेळा यांची बेरीज जास्तीत जास्त किती होते, हा पूर्णांक रेषीय प्रोग्रामिंगचा प्रश्न. जर्मनीतलं एआयटी असो की तुलूझचं ओटावा, अशा टूलांचा गाभा हाच असतो. ओटावा मुक्त आहे. एआयटी विकत घ्यावं लागतं.

सायकल_मोजणी, सोमवार संध्याकाळी ५:४०

आता लूप. मकरपुरा_लूप, तुमच्या कोडमध्ये हे सापडतंय का ते एकेक तपासा.

कोन शून्य ते दोन पायच्या मध्ये आणण्यासाठी व्हाइल लूपने दोन पाय वजा करत जाणं. ड्राइव्हच्या कोडमध्ये हा प्रकार सर्रास दिसतो. कोन एकाच फेरीएवढा वाढलेला असेल तोवर लूप एकदाच फिरतो, मोजणीत छान दिसतो. सेन्सरकडून कचरा आला आणि कोन एक अब्जाच्या घरात गेला, तर सिंगल प्रिसिजनमध्ये तिथल्या दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतर ६४ असतं. त्यातून ६.२८ वजा केल्यावर संख्या जागची हलतच नाही. लूप कधीच संपत नाही, आणि वॉचडॉग (प्रोग्राम अडकला का ते पाहणारा टायमर) बोर्ड रिसेट करतो. इथे दोन पायने भागून पूर्णांक भाग काढून टाका: मोजके गुणाकार, रूपांतरं आणि वजाबाकी, लूपच नाही. रूपांतराआधी कोनाची हद्द मात्र तपासा.

फ्लोटवर चालणारा लूप काउंटर. शून्यापासून ०.१ ने वाढवत १ च्या आत असेपर्यंत, असा लूप सिंगल प्रिसिजनमध्ये १० वेळा फिरतो आणि डबलमध्ये ११ वेळा, कारण दहा वेळा ०.१ मिळवल्यावर एकीकडे बेरीज १ च्या किंचित वर जाते, दुसरीकडे किंचित खाली राहते. काउंटर पूर्णांकच ठेवा.

‘फरक पुरेसा लहान होईपर्यंत’ चालणारे लूप, न्यूटनच्या रीतीने काढलेलं वर्गमूळ वगैरे. फेऱ्यांची संख्या ठरवून टाका. एफ४०७ वर तर वर्गमुळाची सूचनाच आहे, १४ सायकलींत काम होतं.

बाहेरून आलेल्या लांबीवर चालणारे लूप. मॉडबसच्या एका विनंतीत जास्तीत जास्त १२५ होल्डिंग रजिस्टर वाचता येतात, पण ती संख्या दोन बाइटांत येते, म्हणजे खराब फ्रेममध्ये ६५,५३५ पर्यंत काहीही असू शकतं. लूपच्या आधी तपासणी नसेल तर तुमची मर्यादा १२५ नाही, ६५,५३५ आहे. सीआरसी (फ्रेमसोबत येणारा चूक-तपासणीचा आकडा) बरोबर आला म्हणून ही तपासणी गाळू नका.

हार्डवेअरची वाट पाहणारे लूप. ‘एडीसीचं रूपांतर संपेपर्यंत थांब’ याला कोडमध्ये मर्यादा नसतेच (एडीसी म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारं हार्डवेअर). एडीसीचं घड्याळ २१ मेगाहर्ट्झ आणि १२ बिटांना १५ ठोके धरले तर ०.७१ मायक्रोसेकंद लागतील, हे खरं. पण एडीसी चालूच झाला नसेल तर? फेऱ्या मोजून बाहेर पडा आणि फॉल्ट उचला.

आणि युक्लिडच्या मसाविसारखे लूप, जिथे मर्यादा आहे पण डोळ्यांना दिसत नाही. १६ बिटांच्या संख्यांना सर्वात वाईट जोडी फिबोनाचीची: ४६,३६८ आणि २८,६५७, भागाकार २२. लहान संख्या आधी दिली तर २३. ज्याला हे माहीत नाही तो ६५,५३५ फेऱ्या धरून बसतो आणि मर्यादा हास्यास्पद मोठी निघते. मर्यादा सुरक्षित हवी, तशी ती वापरण्याजोगीही हवी.

मकरपुरा_लूप, सोमवार रात्री ९:१५

तपासलं. कोनाचा व्हाइल लूप होता, मॉडबसची लांबी तपासलेली नव्हती. दोन्ही बदलले.

आता हाताने बेरीज केली, सगळे फ्लॅश वाचन कॅशबाहेर (अलीकडचं वाचन ठेवणाऱ्या छोट्या, वेगवान मेमरीबाहेर) पडतात असं धरून. करंट लूप ७,३६९ सायकली, म्हणजे ४३.९ मायक्रोसेकंद. १०० च्या आत आहे, पण ३१ आणि ४३.९ मध्ये फार अंतर वाटतं. सगळ्यात मोठा वाटा नमुने तपासणाऱ्या लूपचा आहे. १६ नमुने, प्रत्येकावर: किंमत हद्दीबाहेर असेल आणि काउंटर ३ पेक्षा कमी असेल तर नोंद लिहा आणि काउंटर वाढवा, नाहीतर नेहमीचं गाळण. काउंटर लूपच्या आधी शून्य होतो.

ब्लॉक असे: सुरुवात १४ सायकली. लूपची तपासणी ४. सामाईक भाग २१. नोंद लिहिणारी फांदी ४६, नेहमीची फांदी ९. शेवट ११.

सायकल_मोजणी, सोमवार रात्री १०:०२

इथेच तुमच्या सायकली अडकल्या आहेत. तुम्ही प्रत्येक फेरीला महाग फांदी धरली आहे. लूपची तपासणी १७ वेळा (शेवटची अपयशी तपासणीही मोजायची, ती बऱ्याचदा राहून जाते), सामाईक भाग १६ वेळा:

१४ + १७×४ + १६×२१ + १६×४६ + ११ = १,१६५

पण काउंटर शून्यापासून सुरू होतो आणि ३ ला थांबतो, तेव्हा महाग फांदी ३ पेक्षा जास्त वेळा चालूच शकत नाही. उरलेल्या १३ फेऱ्यांना ९ सायकलींची फांदी:

१४ + ६८ + ३३६ + ३×४६ + १३×९ + ११ = ६८४

४८१ सायकली कमी. एकूण ६,८८८, म्हणजे बरोबर ४१ मायक्रोसेकंद. कलाभवन_मागे यांनी सांगितलेल्या समीकरणांत ही एक जादा ओळ: नोंदीच्या फांदीच्या वेळा ≤ ३. टूल असतं तरी ही ओळ बहुधा तुम्हालाच लिहून द्यावी लागली असती.

एक धोका. ही ओळ खरी आहे, कारण काउंटर या लूपबाहेर कुणी बदलत नाही. उद्या तो ग्लोबल करून दुसऱ्या इंटरप्टने शून्य केला, तर मर्यादा खोटी पडते आणि कंपायलर एक शब्दही बोलणार नाही. ज्या गृहीतकावर मर्यादा उभी आहे ते कोडमध्ये त्याच ओळीशेजारी टिप्पणीत लिहा.

शून्यप्रतीक्षा, मंगळवार सकाळी ८:३०

हार्डवेअरबाबत भर घालते.

१६८ मेगाहर्ट्झला एफ४०७ च्या फ्लॅशला ५ वेटस्टेट लागतात. ते झाकण्यासाठी फ्लॅशच्या पुढे एआरटी नावाची कॅश आहे: सूचनांसाठी १२८ बिटांच्या ६४ ओळी, डेटासाठी ८. म्हणजे सूचनांची कॅश एकूण १ किलोबाइट. करंट लूप एकटाच फिरत असेल तर त्याचा गाभा आत मावतो आणि सगळं वेगवान दिसतं. मध्ये मॉडबसचा कोड चालला की ओळी निघून जातात आणि पुढची धाव हळू होते. रात्रभराच्या मोजणीत मॉडबसवर विनंत्या नसतील तर हा फरक दिसलेलाच नाही. मोजताना एकदा एफएलएएसएच_एसीआर रजिस्टरमधल्या सूचना कॅश, डेटा कॅश आणि प्रीफेच या तिन्ही बिटा (९, १० आणि ८) बंद करून पाहा. कॅशची मदत शून्य असतानाचा तो आकडा फार उपयोगी असतो.

त्याहून चांगला उपाय म्हणजे करंट लूपचा कोड रॅममध्ये हलवणं. तिथे वेटस्टेट नाहीत, म्हणून कॅशचं कोडंही नाही. मात्र एफ४०७ मधली ६४ किलोबाइटची सीसीएम रॅम फक्त डेटाच्या बसला जोडलेली आहे, तिच्यातून कोड चालत नाही. तेव्हा कोड एसरॅम१ मध्ये (११२ किलोबाइट), स्टॅक आणि लूपचे व्हेरिएबल सीसीएममध्ये, आणि एडीसीचे डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारं हार्डवेअर) बफर एसरॅम२ मध्ये (१६ किलोबाइट). डीएमएला सीसीएम दिसतच नाही, त्यामुळे तिथल्या डेटावर डीएमएची धक्काबुक्की नाही. बफर वेगळ्या रॅममध्ये असल्यामुळे कोडच्या वाचनाशीही टक्कर नाही. सिस्टिम बसवरून सूचना आणायला थोडं जास्त लागतं, ते ब्लॉकच्या हिशोबात धरा.

डीएमए कमी लेखू नका. १९६९ मध्ये अपोलो ११ उतरत असताना १२०२ चे (संगणकावर जादा भार आल्याचे) इशारे आले, ते रडारच्या काउंटरांनी संगणकाच्या सायकली चोरल्यामुळे. प्रोग्राम तोच होता, पण त्याला मिळणारा वेळ कमी झाला होता.

आणखी दोन सापळे. एफ४०७ चं फ्लोटिंग युनिट फक्त सिंगल प्रिसिजनचं आहे. कोडमध्ये ०.५ च्या पुढे एफ लिहायचं राहिलं की ती संख्या डबल होते, गणित सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत जातं, आणि तिचा वेळ किमतींनुसार बदलतो. डबल-प्रमोशनची चेतावणी चालू करा आणि मॅप फाइलमध्ये (लिंकरने काय कुठे बसवलं त्या यादीत) डबलच्या भागाकाराचं, गुणाकाराचं लायब्ररी फंक्शन आलंय का ते शोधा. दुसरा सापळा: करंट लूप आणि त्याने अडवलेलं काम दोघंही फ्लोट वापरत असतील, तर इंटरप्टमधल्या पहिल्या फ्लोट सूचनेला १७ जादा रजिस्टरं स्टॅकवर जातात. हा खर्च नेहमी येत नाही, म्हणून मोजणीत निसटतो. मर्यादेत नेहमी धरा.

दांडियाबाजार, मंगळवार सकाळी ९:४८

वाचलं. माझं वीस टक्क्यांचं म्हणणं मागे घेतो. मार्जिन लावायचंच तर विश्लेषणाच्या आकड्यावर लावावं, हे पटलं.

पण मोजणी सोडू नका, तिला वाईट परिस्थिती द्या. फॉल्टची वाट आपोआप येत नाही, ती आणावी लागते. एडीसीच्या बफरमध्ये टेस्ट बिल्डमधून हद्दीबाहेरचे नमुने टाका, पहिले तीन सलग. इंटिग्रेटर सॅच्युरेशनच्या एक पायरी अलीकडे ठेवून सुरू करा. दुसऱ्या बाजूने मॉडबसवर १२५ रजिस्टरांच्या विनंत्या सतत पाठवत राहा. लूपच्या आधी कॅश रिकामी करणारं १ किलोबाइटहून मोठं बिनकामाचं फंक्शन चालवा. मग प्रत्येक ब्लॉक निदान एकदा चालला का ते पाहा. न चाललेला ब्लॉक सापडला तर मोजणी अपुरी आहे, धावा लाख असोत की दहा लाख.

असं केल्यावर मोजलेली कमाल मर्यादेच्या वर गेली, तर हिशोबात चूक आहे. ही पडताळणी फुकटात मिळते.

फतेगंज_पूल, मंगळवार सकाळी ११:१०

हेच काम रास्पबेरी पायवर लिनक्स टाकून केलं तर? प्रोसेसर कितीतरी पट वेगवान आहे. आणि प्रीएम्प्ट-आरटी (लिनक्सला वेळेचं बंधन पाळायला मदत करणारा बदल) आता मुख्य कर्नलमध्येच आलंय ना?

सायकल_मोजणी, मंगळवार दुपारी १२:०५

आलंय, २०२४ मध्ये ६.१२ पासून. त्याने लेटन्सी (प्रतिसादाला होणारा उशीर) खूप सुधारते. पण ती मोजणारा सायक्लिकटेस्ट हा प्रोग्राम जो आकडा देतो तो मोजलेली कमाल असतो, मर्यादा नाही. चार कोर एकच शेवटची कॅश आणि एकच मेमरी वाटून घेतात, तेव्हा शेजारचा कोर काय करतोय यावर तुमचा वेळ ठरतो. शिवाय सूचना क्रम सोडून चालवणाऱ्या प्रोसेसरमध्ये एक विचित्र गोष्ट घडते: एखादं वाचन कॅशमध्ये सापडल्यामुळे एकूण वेळ वाढू शकतो. लुंडक्विस्ट आणि स्टेनस्ट्रॉम यांनी १९९९ मध्ये हे दाखवलं. म्हणजे ‘प्रत्येक ठिकाणी वाईट तेच धरू, बेरीज सुरक्षित येईल’ हा आपला सगळा आधारच तिथे डळमळतो. एम४ तीन टप्प्यांच्या पाइपलाइनचा, क्रमाने चालणारा, म्हणून वरचा हिशोब चालतो. १०० मायक्रोसेकंदांचा लूप सूक्ष्मनियंत्रकावर ठेवा, पायला डिस्प्ले आणि नेटवर्क द्या.

कलाभवन_मागे, मंगळवार दुपारी ४:३०

एका कामाचा वेळ निघाला, तरी ग्राहकाला खरं हवं असतं ते काम वेळेत संपतं का. तिन्ही कामं एकमेकांना अडवतात. करंट लूप ४१ मायक्रोसेकंद, स्पीड लूप १८० आणि मॉडबस २,२०० धरू.

लियू आणि लेलँड यांच्या १९७३ च्या कसोटीनुसार तीन कामांना एकूण भार ०.७८ च्या आत असेल तर निश्चिंत. तुमचा भार ०.४१ + ०.१८ + ०.२२ = ०.८१. कसोटीत बसत नाही, पण त्यावरून नापासही ठरत नाही, कारण ती कसोटी पुरेशी आहे, आवश्यक नाही. तुमचे पिरियड १००, १,००० आणि १०,००० असे एकमेकांच्या पूर्ण पटीत आहेत, तिथे भार १ पर्यंत चालतो. तरी प्रत्यक्ष प्रतिसादाचा वेळ काढावा. जोसेफ आणि पंड्या यांची १९८६ ची रीत वापरू: स्वतःचा वेळ, अधिक तेवढ्या अवधीत वरची कामं जितक्या वेळा येतील त्यांचा वेळ, आणि उत्तर स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा.

स्पीड लूप: १८० पासून सुरुवात. १८० मध्ये करंट लूप २ वेळा येतो, १८० + ८२ = २६२. २६२ मध्ये ३ वेळा, ३०३. ३०३ मध्ये ४ वेळा, ३४४. ३४४ मध्येही ४ च वेळा, थांबा. उत्तर ३४४, मुदत १,०००.

मॉडबस: त्याच रीतीने ५,५७६ वर स्थिर होतं. तपासून पाहा: २,२०० + ५६×४१ + ६×१८० = ५,५७६. मुदत १०,०००.

यात इंटरप्ट बंद ठेवण्याचा सर्वात मोठा काळ वेगळा मिळवा. कुठेतरी ६ मायक्रोसेकंद इंटरप्ट बंद असतील तर करंट लूप ४७ ला संपेल.

शून्यप्रतीक्षा, मंगळवार संध्याकाळी ६:२०

वरच्या हिशोबात एक गोष्ट सोपी झाली आहे, ती लक्षात ठेवा. एक काम दुसऱ्याला अडवतं तेव्हा त्याच्या कॅशच्या ओळी उडतात, आणि परतल्यावर त्या पुन्हा भरण्याचा दंड सहसा वेगळा धरावा लागतो. इथे सगळी वाचनं कॅशबाहेरची धरली आहेत, म्हणून तो दंड आतच आहे. उद्या कॅशचा फायदा हिशोबात घेतलात तर तो वेगळा मिळवावा लागेल.

मे महिन्यात पॅनलच्या आतल्या तापमानाबद्दलही कुणीतरी विचारेलच. सायकली तापमानाने बदलत नाहीत. आतला आरसी ऑसिलेटर वापरत असाल तर तो काही टक्के सरकतो, पण टायमरही त्याच घड्याळावर चालतो, त्यामुळे १०० मायक्रोसेकंदांत १६,८०० सायकली मिळतात त्या मिळतातच. बिघडेल ते मॉडबसचं बॉडरेट (बिट पाठवण्याचा वेग). बाहेरचा क्रिस्टल लावा.

आणि सर्वात महत्त्वाचं: पॅरामीटर कुठे साठवता? त्याच फ्लॅशमध्ये असेल तर सेक्टर पुसताना फ्लॅशमधून सूचना वाचणं थांबतं. १२८ किलोबाइटचा सेक्टर पुसायला सेकंदाच्या घरात वेळ जातो. मोटर चालू असताना एवढा वेळ करंट लूप बंद राहील.

मकरपुरा_लूप, बुधवार दुपारी २:५०

पॅरामीटर फ्लॅशमध्येच होते. आता बाहेरच्या ईईप्रॉमवर नेले. करंट लूप एसरॅम१ मध्ये, स्टॅक आणि व्हेरिएबल सीसीएममध्ये, बफर एसरॅम२ मध्ये, व्हेक्टर टेबलही रॅममध्ये.

नवीन हिशोब: करंट लूप ५,७१२ सायकली, ३४ मायक्रोसेकंद. दांडियाबाजार यांनी सांगितलेल्या सगळ्या वाईट परिस्थिती एकत्र आणून मोजलेली कमाल ३१.६. सगळे ब्लॉक चालले. प्रतिसाद: स्पीड लूप २८२, मॉडबस ४,६९८.

सायकल_मोजणी, बुधवार दुपारी ३:३५

फट आता अडीच मायक्रोसेकंदांची, पटण्यासारखी. एकच तपासा. रॅममध्ये हलवलेला कोड फ्लॅशमधल्या कुठल्या फंक्शनला बोलावतोय का? लिंकर अशा लांब उडीसाठी मध्ये एक छोटा पूल घालतो आणि तक्रार करत नाही. मॅप फाइलमध्ये पुलांची नावं शोधा. तुम्ही स्वतः न लिहिलेली फंक्शनंही पाहा: स्ट्रक्चर शून्य केलं की कंपायलर मेमसेट घालतो, कॉपी केलं की मेमकॉपी.

मकरपुरा_लूप, बुधवार संध्याकाळी ७:१०

मेमसेट सापडला. फॉल्टच्या नोंदीचं स्ट्रक्चर शून्य करताना कंपायलरने घातला होता, तो फ्लॅशमध्येच राहिला होता आणि मी हिशोबात रॅमचा धरला होता. त्या स्ट्रक्चरचे शब्द आता एकेक करून शून्य करतो, आणि असेंब्लीत मेमसेटची हाक गेली हे पाहून घेतलं. पुन्हा बेरीज: ५,६२८ सायकली, ३३.५ मायक्रोसेकंद. कागदावर मर्यादा ३४ च ठेवतोय, शेजारी मोजलेली ३१.६, कंपायलरची आवृत्ती, फ्लॅग, आणि ‘नोंदीची फांदी ≤ ३’ या गृहीतकासह प्रत्येक लूपची मर्यादा.